परत लायब्ररी लावली

घरात विकत आणलेल्या कादंबऱ्यांचा ढीग आणि त्यातली एकही धड वाचून झालेली नाही, असं बरंच चालल्यावर शेवटी परत लायब्ररी लावली. पुण्यात तसा लायब्रऱ्यांना तोटा नाही, नगर वाचन मंदिर १८४८ चं, मराठी ग्रंथालय १९११ चं, शिवाय पेठापेठांत छोट्या छोट्या आहेतच. मी ऑफिसच्या वाटेवरची एक छोटी धरली, कारण माझं वाचन पार्किंगवर चालतं. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत अप्पा बळवंत चौकात गाडी लावून दाखवा, मग बोलू.

नाव घालणं सोपं, आधार, वीजबिल, फोटो, अनामत आणि थोडी वर्गणी आगाऊ. अनामत परत घेताना पावती मागतात, तिचा फोटो काढून ठेवा.

खरी गंमत पुढे. दोन खंडांची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, पहिला खंड मिळाला, रात्री जागून फडशा पाडला आणि दुसरा बाहेर! कोणाकडे आहे ते सांगत नाहीत (बरोबरच आहे म्हणा). काउंटरवरच्या काकूंनी वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तोवर ही न्या, झोप उडेल." मी एरवी रहस्यकथांच्या वाटेला जात नाही, पण नेली, तर पहिल्या प्रकरणातच कोणीतरी एका नावाखाली पेन्सिलने रेघ मारून 'हाच खुनी' लिहून ठेवलेलं. तरी वाचली, आणि तो नव्हताच!

पेन्सिलवरून आठवलं, आमच्या आईची पण खूण आहे, ठरलेल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टिंब, म्हणजे तेच पुस्तक चुकून परत आणलं जात नाही. पुस्तकावर लिहू नये हे मान्य, पण महिन्याला ढीगभर कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईला नावं कुठली लक्षात राहणार.

माझं म्हणाल तर परत करायची तारीख असली की मी वाचतो, नसली की मोबाईल बघतो, इतकं साधं आहे ते. दंड किरकोळ असतो पण काकूंच्या नजरेची भीती जास्त.

दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असते, ती कधी भरायची ते आत्ताच विचारून आलोय, कारण चांगले अंक आले की लोक पहिल्याच दिवशी पळवतात.