टिएपोलो बाप की टिएपोलो मुलगा?

पुतळ्यांच्या माळेतल्या सोन्याच्या नाण्यांवर जी लांबट माणसं दिसतात, त्यांचं मूळ व्हेनिसच्या डुकाटमध्ये आहे. 1284 पासून 1797 पर्यंत त्या शहराने हे साधारण साडेतीन ग्रॅमचं नाणं पाडलं: एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे नगरीचा निवडून दिलेला प्रमुख, आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या घेऱ्यात ख्रिस्त. भारतात त्याच्या भरपूर नकला घडल्या. हे कळल्यावर मी व्हेनिसची नाणी बघायला लागलो. सोनं परवडणारं नव्हतं, म्हणून ग्रोसो या तिथल्याच चांदीच्या नाण्याकडे वळलो.

ग्रोसो त्याहूनही जुना, एन्रिको दांदोलो डोज असताना 1190च्या दशकात सुरू झालेला. एका बाजूला सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, सरळ बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या वळणाचा. दुसऱ्या बाजूला संत मार्क आणि डोज, दोघांच्या मधोमध ध्वज. पुढच्या डोजांनी हे चित्र जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. व्यापाऱ्यांना ओळखीचं, खात्रीचं नाणं हवं असतं. संग्राहकाला मात्र यामुळे अक्षरांवरच विसंबावं लागतं.

म्युनिकमध्ये राहत असताना एका विक्रेत्याकडे मला मिळालेल्या ग्रोसोच्या पाकिटावर फक्त 'टिएपोलो' लिहिलं होतं. पण टिएपोलो दोन. जाकोपो 1229 ते 1249 डोज होता, त्याचा मुलगा लोरेन्झो 1268 ते 1275. नाण्यावर बापाचं नाव 'आय, ए'ने सुरू होतं आणि मुलाचं 'एल, ए'ने. सगळा फरक एका अक्षराच्या खालच्या आडव्या रेघेचा, आणि हातोड्याने ठोकून पाडलेल्या नाण्यात नेमकी तीच रेघ अनेकदा उमटत नाही.

वजन 2.1 ग्रॅमच्या वर भरलं, म्हणजे ठीक. पण दोघांचे ग्रोसो सारख्याच वजनाचे, त्यामुळे त्यातून निवाडा होईना. मग खोलीतला दिवा बंद केला, एकच टॉर्च टेबलालगत आडवी धरली आणि भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवत फोटो काढले. समोरून प्रकाश टाकला की चांदी चकाकते आणि झिजलेली अक्षरं बुडतात. आडव्या प्रकाशात त्यांची सावली पडते. एका कोनात रेघ दिसली. तरी तेवढ्यावर थांबलो नाही. तो ओरखडाही असू शकला असता. संग्रहालयांनी खुल्या केलेल्या फोटोंशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. रेघेचं टोक किंचित रुंदावत होतं, ठशात कोरलेल्या अक्षराचं रुंदावतं तसं.

पाकिटावर 'लोरेन्झो' लिहिलं. आता जाकोपोचा ग्रोसो शोधतोय, आणि विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे आडव्या प्रकाशातला फोटो मागतो.