तुम्ही विचारलंत म्हणून: टोल्युईनच्या जागी क्लोरोबेन्झिन चालेल का?

मटेरियल केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो. शोधनिबंधात क्लोरोबेन्झिन लिहिलेलं असतं आणि कपाटात टोल्युईन असतं. दोन्हींत बेन्झिनचं कडं, दोन्ही रंगहीन, मग अडतंय कुठे? कधी प्रश्न उलटा असतो: क्लोरीनवालं नको, झायलीन घेऊ का? काचेची भांडी धुवायची असतील तर खुशाल बदला. पण पातळ थर बनवायचा असेल, तर आधी थांबून विचार करा. सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) उडून जातो हे खरं, पण तो किती वेळात उडाला आणि जाताना कोणाला आधी सोडून गेला, यावरच थराची आतली रचना ठरते.

आधी उत्कलनबिंदू बघा. टोल्युईन ११०.६ °से, क्लोरोबेन्झिन १३२, ऑर्थो-झायलीन १४४, अ‍ॅनिसोल १५४, मेसिटिलीन १६५, ऑर्थो-डायक्लोरोबेन्झिन १८०. त्याहून कामाचा आकडा बाष्पदाबाचा: २० अंशांना टोल्युईनचा सुमारे २२ मिमी पारा, क्लोरोबेन्झिनचा ९ आणि डायक्लोरोबेन्झिनचा जेमतेम १. म्हणजे स्पिन कोटरवर (द्रावण फिरत्या चकतीवर पसरवणारं यंत्र) टोल्युईनचा थर काही सेकंदांत सुकतो, तर डायक्लोरोबेन्झिनचा थर चकती थांबल्यावरही मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ ओला राहू शकतो.

दुसरी गोष्ट विरघळवण्याची ताकद. सी-६० फुलरीन (साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू) खोलीच्या तापमानाला हेक्सेनमध्ये मिलीलिटरला ०.०४ मिग्रॅ विरघळतं, टोल्युईनमध्ये २.८, क्लोरोबेन्झिनमध्ये ७ आणि डायक्लोरोबेन्झिनमध्ये २७ च्या आसपास. अ‍ॅरोमॅटिक कड्याचा पाय-इलेक्ट्रॉनांचा ढग फुलरीनच्या पृष्ठभागाशी चांगला जुळतो, म्हणून हेक्सेन मागे पडतं. कड्यावर क्लोरीन आलं की रेणू आणखी सहज ध्रुवित होतो आणि आकडा चढतो. १९९० मध्ये क्रेचमर आणि हफमन यांनी काजळीतून सी-६० पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं ते बेन्झिन वापरूनच. आज बेन्झिन कोणी घेऊ नये. ते माणसांत कर्करोग करतं हे पक्कं सिद्ध आहे, आणि हे काम टोल्युईन नीट करतं. फक्त एक ध्यानात ठेवा: सी-६० विरघळत नाही म्हणून टोल्युईन तापवत बसू नका. साधारण ७ °से च्या वर त्याची विद्राव्यता वाढत नाही, उलट कमी होते. कुपी अंधारात ठेवून रात्रभर ढवळा. द्रावण जांभळं होतं.

आता या दोन आकड्यांनी काय घडतं ते बघा. २००१ मध्ये शाहीन, ब्राबेक, सारिचिफ्ची आणि सहकाऱ्यांनी एमडीएमओ-पीपीव्ही हा पॉलिमर आणि पीसीबीएम हे फुलरीन एकत्र करून सौर घट केले. साहित्य तेच ठेवून सॉल्व्हंट बदलला. टोल्युईनच्या थराची कार्यक्षमता ०.९ टक्के होती, क्लोरोबेन्झिनच्या थराची २.५ टक्के. कारण साधं आहे. टोल्युईनमध्ये पीसीबीएम कमी विरघळतं, त्यामुळे सुकताना ते आधी संपृक्त होतं आणि त्याचे शेकडो नॅनोमीटरचे गठ्ठे होतात. प्रकाशाने तयार झालेला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी) मात्र १० नॅनोमीटरच्या आसपासच चालू शकतो. गठ्ठ्याची सीमा, जिथे तो फुटून वीज मिळते, ती गाठायच्या आतच तो विझतो.

पी३एचटी (सौर घटांसाठीचा आणखी एक पॉलिमर) आणि पीसीबीएमचा थर स्वतः करून बघायचा असेल तर २० मिग्रॅ पी३एचटी आणि १६ मिग्रॅ पीसीबीएम १ मिली डायक्लोरोबेन्झिनमध्ये घ्या. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाची काचेची कुपी घ्या, ६० अंशांवर रात्रभर ढवळा, मग ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळा. स्पिन कोटरवर ८०० ते १००० आरपीएम पुरे. चकती थांबली की थर अजून ओला आणि नारिंगी असतो. त्यावर काचेची पेट्री डिश उपडी झाका आणि हलवू नका. कडेपासून आत रंग बदलत जातो, नारिंगीचा गडद जांभळा होतो. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना लागून रचल्या जात असल्याची ती खूण. हेच टोल्युईनने केलं तर एक तर पी३एचटी थंड झाल्यावर कुपीतच जेलीसारखं घट्ट होतं, आणि गरम ओतलंच तर थर इतक्या झटकन सुकतो की साखळ्यांना रचायला वेळच मिळत नाही.

पेरोव्हस्काइटच्या (क्षारांपासून बनणारं, सौर घटांसाठीचं स्फटिकी साहित्य) टेबलावर मात्र याच क्लोरोबेन्झिनचं काम नेमकं उलटं असतं, आणि विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तिथे लेड आयोडाइड आणि बाकीचे क्षार डीएमएफ आणि डीएमएसओ या दोन ध्रुवीय सॉल्व्हंटांच्या ४:१ मिश्रणात विरघळवलेले असतात, आणि क्लोरोबेन्झिन मुद्दाम त्यांना विरघळवू शकत नाही म्हणून वापरतात. १००० आरपीएमवर १० सेकंद, मग ६००० वर २० सेकंद, आणि संपायच्या ५ सेकंद आधी थराच्या मध्यावर १०० मायक्रोलिटर क्लोरोबेन्झिन. ते डीएमएफ ओढून नेतं, क्षार एकदम सगळीकडे बाहेर पडतात आणि असंख्य बारीक स्फटिक एकाच वेळी वाढू लागतात. मग १०० अंशांवर तासभर. उशीर झाला की थर आधीच धुरकट होतो. फार लवकर टाकलं तर ओल्या द्रावणात नुसतं वाहून जातं. पिपेटचं टोक चुकून थराला लागलं तर मध्ये भोक पडतं.

इथे टोल्युईन चालतं. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने हीच युक्ती टोल्युईनने करून दाखवली होती. पण टाकण्याची पद्धत बदलावी लागते. २०२१ मध्ये एका गटाने चौदा अँटिसॉल्व्हंट (असे क्षार बाहेर पाडायला टाकायचे द्रव) तपासून दाखवलं, की टाकण्याचा वेग जमला तर त्या चौदांपैकी कशानेही चांगला घट होतो. टोल्युईन, मेसिटिलीन यांसारखे सॉल्व्हंट डीएमएफ-डीएमएसओशी नाखुशीने मिसळतात, म्हणून ते सावकाश टाकायचे. अल्कोहोल झपकन. क्लोरोबेन्झिन दोन्ही चालवून घेतं, आणि नवशिक्यांना ते सोपं वाटतं ते त्यामुळेच.

पावसाळ्यात मुंबई-पुण्याकडे आणखी एक त्रास होतो. सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो आणि हवेतलं दव त्यावर बसतं. टोल्युईनमधून ओतलेला पॉलिस्टायरीनचा थर दुधाळ दिसला तर त्यात पाण्याच्या थेंबांनी केलेली भोकं आहेत असं समजा. काही संशोधक हेच मुद्दाम करून मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र थर मिळवतात. तुम्हाला ते नको असेल तर काच ४०-५० अंशांपर्यंत तापवून घ्या, कोरडा नायट्रोजन सोडा, किंवा सावकाश सुकणारं झायलीन घ्या. बाटलीतलं पाणी काढायला ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह्ज (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) उत्तम: ३०० अंशांवर तापवून पाणी काढलेली, सॉल्व्हंटच्या १० टक्के वजनाने, एक दिवस ठेवा. मात्र त्यांची धूळ थरात जाते, तेव्हा वरचंच द्रव काढा आणि गाळून घ्या.

प्लॅस्टिकच्या क्युव्हेट (मोजमापाच्या छोट्या चौकोनी नळ्या) आणि पेट्री डिश या सॉल्व्हंटांना टिकत नाहीत, कारण त्या बहुतेक पॉलिस्टायरीनच्या असतात. रबरी टोकाची सिरिंजही नको. रबर फुगतं आणि त्यातलं तेल थेट तुमच्या थरात येतं. काचेची सिरिंज घ्या. पातळ नायट्रिल मोज्यांतून टोल्युईन आणि क्लोरोबेन्झिन काही मिनिटांतच आरपार जातात, म्हणून थेंब पडला की मोजा लगेच काढून टाका, पुसून पुढे काम करू नका. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) ४ °से आहे आणि ते वीज वाहून नेत नाही. मोठ्या डब्यातून ओतताना स्थिर विद्युत साठते. दोन्ही धातूची भांडी तारेने जोडून जमिनीशी जोडलेली हवीत. क्लोरीनवालं टाकाऊ द्रव वेगळ्या कॅनमध्ये ठेवा.

क्लोरीन टाळायचंच असेल तर पहिला प्रयत्न ऑर्थो-झायलीनचा करा. दुकानातलं साधं झायलीन म्हणजे ऑर्थो, मेटा, पॅरा हे तीन समघटक (तेच अणू, वेगळी मांडणी) आणि एथिलबेन्झिन यांची मिसळ. प्रत्येक बाटलीत प्रमाण वेगळं, म्हणून थरही वेगळा. पॅरा-झायलीन १३ अंशांना गोठतं, फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी दगड मिळतो. ऑर्थो-झायलीनमध्ये पॉलिमर नीट विरघळत नसेल तर अ‍ॅनिसोल बघा. त्यातला ऑक्सिजन बऱ्याच पॉलिमरांना मानवतो, पण ते सुकायला वेळ घेतं. थर कोरडा दिसला तरी आत थोडं राहतं, तेव्हा मोजमापाआधी निर्वात भट्टीत ६० अंशांवर काही तास ठेवा, आणि क्लोरोबेन्झिनसाठी लिहिलेलं आरपीएम तसंच न वापरता ५०० पासून सुरू करून जाडी मोजत वर जा.