दर्शनी फोटो पुरे नाही, छेद काढा

विदर्भातल्या जुन्या बाजारगावात दुकानांच्या फ्लेक्सवरून नजर वर नेली की चुन्यातले गोल खांब दिसतात. खांबांच्या डोक्यावर पानांचे झुपके, वर त्रिकोणी शिखर, त्यात गजलक्ष्मी किंवा घड्याळ, आणि हमखास एखाद्या भेगेत उगवलेला पिंपळ. याचा फोटो निघतो, 'ब्रिटिशकालीन वाडा' असे लिहून समाजमाध्यमावर चढतो, आणि ती इमारत 'नोंदवली' असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात नोंद झालेली असते फक्त कातडीची. त्या ग्रीक खांबांच्या मागे चार हातांवर सागाचा खांब, त्यावर मयाल (आडवी तुळई), वर पांढऱ्या मातीचे धाबे (सपाट छत) किंवा कवेलू (कौले) असते. ढेलज (दारालगतची देवडी), चौक, छपरी आपापल्या जागी असतात. दोन वेगळ्या बांधकामपद्धती जिथे एकमेकींना भिडतात तो सांधा हेच इथल्या वास्तूंचे खरे वैशिष्ट्य, आणि तो दर्शनी फोटोत येत नाही. तो छेदात, म्हणजे इमारत उभी कापून आतले दाखवणाऱ्या नकाशात, येतो.

हा थाट कापसाने आणला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीने कापसाचे भाव चढवले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. रेल्वेमागोमाग जिन-प्रेस (सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने) आले, पेढ्या आल्या, कचेऱ्या आल्या. स्टेशन आणि कचेरी यांचे नकाशे सरकारी. ते पाहून सावकाराने आणि मालगुजाराने आपल्या घराला तसाच चेहरा लावून घेतला. काटेकोर नियमातला क्लासिक थाट पाहायचा असेल तर नागपूरचे उच्च न्यायालय पाहावे. नवी दिल्लीच्या उभारणीत लट्यन्स आणि बेकर या वास्तुविशारदांबरोबर काम केलेल्या हेन्री मेड यांचे ते काम, १९४० मध्ये खुले झाले. पण तालुक्याच्या गवंड्याने नियम वाकवून जे केले ते मला जास्त वाचनीय वाटते.

आता प्रत्यक्ष काम. सामान थोडे लागते: ३० मीटरचा फायबर टेप, ५ मीटरचा स्टील टेप, ओळंबा, दहा मीटर पारदर्शक लेव्हल नळी, खडू, टॉर्च, आलेखाचा कागद लावलेली पाटी, आणि दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा रंगवलेली एक मीटरची काठी. लेझर मीटर असेल तर चांगलेच, पण उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही आणि सागाच्या काळ्या दारावर वाचन चुकते.

मापे सलग घ्या. भिंतीच्या एका टोकाला शून्य धरून टेप पसरायचा आणि दाराची कड, चौकट, खिडकी, कोनाडा या सगळ्यांचे आकडे त्याच शून्यापासून लिहायचे. तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्यात अर्धा सेंमी खाल्ला जातो आणि पंधरा मीटरच्या भिंतीत बघता बघता चार-पाच सेंमीचा घोळ होतो. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. जुनी खोली काटकोनात असतेच असे नाही, आणि नकाशात ती जबरदस्तीने सरळ केली की पुढच्या खोलीचे माप बसत नाही. उंचीसाठी पाण्याच्या नळीने सगळ्या खोल्यांत एकच पातळी खडूने मारून घ्या आणि जोते, छत, तुळई हे सगळे त्या रेघेवरून वर-खाली मोजा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान आहे ना ते बघावे.

शेवटी आतल्या मापांची आणि भिंतींच्या जाडीची बेरीज बाहेरच्या मापाशी ताडून पाहा. पाच-सात सेंमीचा फरक गिलाव्यात जिरतो. हातभर फरक निघाला तर मात्र आपला टेप चुकला असे लगेच धरू नका. भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) असू शकते, बुजवलेला जिना असू शकतो, किंवा वाटणीच्या वेळी नवी भिंत उभी राहिलेली असू शकते.

आकडे सेंटिमीटरमध्ये घेतले तरी एकदा फुटांत करून बघा. ३.६६ बाय ४.८८ मीटर हे वेडेवाकडे माप म्हणजे सरळ १२ बाय १६ फूट. जुनी वीट सुमारे ९ × ४॥ × ३ इंचांची. त्यामुळे भिंत दीड विटेची साडेतेरा-चौदा इंच, दोन विटांची अठरा, आणि वर गिलावा. साठच्या दशकापासून सरकारी कामात मेट्रिक आले आणि १९ × ९ × ९ सेंमीची वीट मानक ठरली. खोल्या मीटरमध्ये पूर्ण आकड्यात येत असतील तर 'आजोबांच्या आजोबांनी बांधलं' ही माहिती जरा बाजूला ठेवावी.

काळ ठरवायला याहून पक्के पुरावे इमारतीवरच असतात. कठड्यावर कोरलेल्या सालाची कालगणना आधी ओळखा. शके असेल तर ७८ मिळवायचे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे, फसली असेल तर ५९० मिळवायचे. शके १८३२, संवत १९६७ आणि फसली १३२० हे तिन्ही साधारण १९१० कडेच येतात, वर्ष फिरण्याचे महिने वेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. मारवाडी पेढीवर बहुधा संवत असतो. वऱ्हाडात जुन्या महसुली कागदांत फसली भेटते, आणि ती इसवी समजून वाचली की घर सुमारे सहाशे वर्षांनी जास्त जुने होते. अशा पाट्या पर्यटनाच्या पत्रकात छापून आल्या तरी आश्चर्य नाही!

मग छताकडे टॉर्च मारा. लोखंडी गर्डरमध्ये विटांच्या बुटक्या कमानी घातलेल्या असतील तर गर्डरच्या पोटावर बाजूने, तिरका प्रकाश टाका. रंगाच्या थरांखाली कारखान्याचे नाव उठून येते. 'डोरमन लाँग' असेल तर माल इंग्लंडचा. 'टाटा' असेल तर ते छत १९१२ च्या आधीचे नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हाच निघू लागले. रेल्वेचे जुने रूळ तुळई म्हणून वापरलेले खूप दिसतात, आणि रुळाच्या पोटावर कारखान्यासोबत साल असते. पण रूळ दुसऱ्यांदा वापरलेला असतो, म्हणून ते साल इमारतीचे नव्हे. छत नंतर बदललेले नसेल, तर इमारत त्याहून जुनी नाही एवढेच त्यातून कळते. मंगलोरी कवेलूच्या पोटावरच्या शिक्क्याचेही तेच: त्यातून छपराचा काळ कळतो, भिंतीचा नाही. काँक्रीट फुटून सळई उघडी पडली असेल तर ती गुळगुळीत गोल आहे, पिळाची टॉर आहे की अलीकडची बरगड्यांची टीएमटी, हे लिहून ठेवा. साठच्या दशकापर्यंत गोलच असे, पिळाची त्यानंतर रुळली.

खांब मोजताना घेर तीन ठिकाणी घ्या: तळाशी, एक तृतीयांशावर आणि डोक्याखाली. ३.१४ ने भागून व्यास काढा. युरोपीय खांबांच्या प्रकारांच्या पुस्तकी हिशेबात टस्कन खांब तळव्यासाच्या सातपट उंच, डोरिक आठ, आयोनिक नऊ, कोरिंथियन दहा. आपल्याकडचे खांब या हिशेबात क्वचितच बसतात, कारण उंची ओसरीच्या छपराने ठरवलेली असते आणि शिरोभाग मालकाच्या हौसेने. कोरिंथियन डोके आणि टस्कन अंगकाठी दिसली तर ती चूक म्हणून सुधारून काढू नका. जसे आहे तसे काढा. कंगोऱ्याची नक्षी टेपने मोजता येत नाही. मऊ कथलाची तार त्यावर दाबून आकार घ्यायचा, तो कागदावर गिरवायचा आणि १:५ मध्ये काढायचा. गवंडी पत्र्याचा फर्मा ओढून हे कंगोरे काढत, त्यामुळे एका ठिकाणचा आकार घेतला की पूर्ण ओळ मिळते. मात्र कोपऱ्यावर हाताने केलेली जुळवणी वेगळी असते, तिचा फोटो जवळून घ्या.

आता तो सांधा. दर्शनी भिंतीच्या विटा बाजूच्या भिंतीत दातरे घालून बसवल्या आहेत की नुसत्या टेकवल्या आहेत? आतल्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत सरळ उभी भेग असेल तर चेहरा नंतर लावलेला आहे, आणि तो बाहेर कलतही असेल. वरच्या कठड्यावरून ओळंबा सोडून वर आणि खाली दोरा ते भिंत अंतर घ्या. तीन मीटर उंचीत एक-दीड सेंमी फरक जुन्या कामात चालतो. पाच सेंमी निघाला तर मोजणी तिथे थांबवून मालकाला सांगावे आणि खालचा रस्ता मोकळा ठेवायला लावावे.

भेगांची नोंद ऋतूसकट हवी. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग मे महिन्यात बोटभर असते आणि भादव्यात मिटलेली दिसते. तारीख नसलेला भेगेचा फोटो म्हणूनच बिनकामाचा. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही कडांना चिकटवून तारीख टाकून ठेवा. काच फुटली तर भेग जिवंत आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र दुरुस्तीने होते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा १:४ गिलावा चढवला की भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर चढते, क्षार सोबत नेते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा फुटतो. विटांचे पीठ होते आणि सिमेंटचा पापुद्रा मात्र शाबूत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. बोटाने ठोका, पोकळ आवाज आला तिथे खडूने वर्तुळ करा आणि नकाशावर दाखवा. चुना की सिमेंट हे ओळखायला लिंबू पिळून फेस बघण्याची सूचना पुष्कळजण करतात. ती फसवी आहे, सिमेंटही थोडे फेसाळते. खिळ्याने ओरखडा काढणे बरे: चुना पांढरा, सुरखी (विटांची पूड) असेल तर गुलाबी, आणि पावडर होऊन पडतो. सिमेंट करडे आणि खणखणीत. दुरुस्ती करायचीच असेल तर भिजवून मुरवलेला चुना एक आणि वाळू तीन भाग, दहा-बारा मिलिमीटरचे थर, दोन थरांत किमान आठवड्याचे अंतर, आणि ओली पोती. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढू नये, थर वरून सुकतो आणि आतून कच्चा राहतो.

जिनिंगची मापे कापसाच्या हंगामात होत नाहीत. आत रुई उडत असते, आगीची भीती असते, मालक आत सोडत नाही आणि त्याचे बरोबर असते. हंगाम संपून पाऊस लागण्याआधीचा काळ धरा. जुन्या जिनात यंत्रे वरच्या मजल्यावर आणि त्यांना फिरवणारा लांब दांडा खाली असे. यंत्रे भंगारात गेली असली तरी फरशीतली भोके आणि दांड्याच्या बैठका राहतात. त्यांतली अंतरे मोजली की किती यंत्रे होती ते काढता येते. चिमणीची उंची सावलीने: दोन मीटरची काठी ओळंब्यात उभी करून तिची सावली आणि त्याच मिनिटाला चिमणीची सावली. चिमणीच्या सावलीत तळाच्या रुंदीचा अर्धा भाग मिळवायला विसरू नका, कारण सावली मध्यापासून मोजायची असते. जमीन उताराची असेल तर हे सोडून द्या आणि दहा विटांच्या थरांची उंची मोजून फोटोत थर मोजा.

खरी घाई आहे ती नव्या इमारतींची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शाळा, पंचायत समित्या, आरोग्य केंद्रे, सहकारी गोदामे गावोगाव उभी राहिली. सिमेंटच्या जाळ्या, पातळ छज्जे, उभे पडदे, मोझेकची फरशी, हवा खेळेल अशा ओसऱ्या. शंभर वर्षे झाली नाहीत म्हणून केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात त्या बसत नाहीत, आणि 'साधी सरकारी बिल्डिंग' म्हणून प्रेमही कोणी करत नाही. एका नमुना नकाशावरून अनेक गावांत त्या बांधल्या गेल्या, म्हणून एक मोजली की झाले असे वाटते. उलट करा: एक पूर्ण मोजा, आणि बाकीच्यांत फक्त फरक टिपा. कुठे विटेऐवजी दगड, कुठे जाळीची नक्षी वेगळी, कुठे ओसरी पश्चिमेला वळवलेली. गवंडी तिथे बोलतो. अशी इमारत पाडण्याआधी निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव जातो. तो पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असतो, आणि त्यात कोणती खोली कधीची हे लिहिलेले असते. जाणार असलेली शाळा त्या कागदातून आधी कळते.

सेवाग्राम या सगळ्यात वेगळे ठेवावे लागते. १९३६ पासूनच्या त्या कुट्या माती, बांबू, कवेलूच्या आहेत. तिथे मूळ सामान टिकवणे हा मुद्दाच नाही, कारण माती दर साली नवी लागते. सारवण कधी, कोणत्या मातीने, कवेलू कधी फेरली, हे लिहिणे म्हणजेच तिथली नोंद.

घरमालक पहिला प्रश्न विचारतोच: 'मोजून राह्यले कायले? टॅक्स वाढते का?' उत्तर सरळ द्या, आणि काढलेल्या नकाशाची एक प्रत त्यांना देण्याचे कबूल करून खरोखर द्या. भाऊहिश्श्याचे घर असेल तर सगळ्या हिस्सेदारांची परवानगी हवी, एकाने हो म्हटले म्हणून दुसऱ्याच्या माजघरात टेप नेऊ नये. तिजोरीची खोली, देवघराचा आतला भाग आणि मागच्या दारांची मापे छापायच्या प्रतीत घालू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागून पाहा, त्यात बांधकामाचा प्रकार असतो. सातबारावर घर शोधत बसू नका.

फाइलींना नाव गाव-इमारत-खोली-दिशा-तारीख या क्रमाने द्या. पेन्सिलीचा मूळ कागद फेकू नका. स्वच्छ नकाशात एखादे माप शंकास्पद निघाले तर तोच पुन्हा उघडावा लागतो.