कॅमेरा नंबर ३: दिवसा ठणठणीत, अंधार पडला की आडवा

शनिवार

मंडळी, बरेच दिवस लॉगमध्ये भर पडली नव्हती कारण घराचे चारही सीसीटीव्ही कॅमेरे बिनबोभाट चालू होते आणि चालू गोष्टीवर काय लिहिणार, पण आज सकाळी सहज रात्रीचं रेकॉर्डिंग बघायला घेतलं तर मागच्या बाजूच्या तीन नंबरचं टाइमलाइन म्हणजे उंदराने कुरतडलेला कागद. लाइव्ह बघितलं तर चित्र एकदम काचेसारखं. आईला सांगितलं की रात्री बंद पडतोय पण दिवसा चालतो, तर ती म्हणे, "मग ठीक आहे ना, चोर काय दिवसाच येतात." गप्प बसलो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सेटअप: वायर्ड आयपी कॅमेरा (चित्र लॅन केबलवरून पाठवणारा), घरात एनव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), तीन नंबरला मात्र वेगळी पॉवर लाइन नाही, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घरात आणि तिथून पॅसिव्ह पीओईच्या (डेटाच्याच केबलमधून थेट पॉवर पाठवायची साधी जुगाड पद्धत) त्या दोन शेपट्यांनी पॉवर लॅन केबलमध्येच ढकललेली, केबल साधारण २५ मीटर. दोन वर्षं असंच चाललंय.

पहिला संशय हार्ड डिस्कवर. स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) साफ, बाकी तीन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सलग. तीन नंबरची केबल एनव्हीआरच्या दुसऱ्या पोर्टला लावून ठेवली, बघू रात्री.

रविवार

पोर्ट बदलून काही फरक नाही. पण एक गोष्ट सापडली जी काल माझ्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती, क्लिपच्या फायलींची वेळ बरोबर आहे (ती एनव्हीआर लावतो) पण कित्येक क्लिपच्या सुरुवातीला चित्रावर छापलेली तारीख १ जानेवारी १९७०, आणि काही सेकंदांनी उडी मारून आजची. ज्यांना माहीत आहे ते ओळखतील, युनिक्सचं घड्याळ शून्यापासून सुरू झालं की ही तारीख येते. म्हणजे नेटवर्क तुटत नाहीये, कॅमेरा स्वतः रीस्टार्ट होतोय आणि एनटीपीकडून (नेटवर्कवरून घड्याळ लावून देणारी सेवा) वेळ मिळेपर्यंत १९७० मध्ये राहतोय. स्विच, राउटर, एनव्हीआर सगळे आरोपातून मुक्त.

इथेच डोकं वापरलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते. पण मी शिडी लावून चढलो, कॅमेऱ्याच्या टोकाची डीसी पिन काढली, मल्टिमीटर लावला, १२.१ व्होल्ट. "पॉवर ओके" असं वहीत लिहिलं आणि खाली उतरलो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लाज वाटायची आहे.

सोमवार

पॉवर ओके आहे म्हणजे फर्मवेअर खराब, असा अजब तर्क. फॅक्टरी रीसेट केला तर कॅमेरा त्याच्या मूळच्या आयपीवर गेला, आमच्या नेटवर्कची रेंज वेगळी, त्यामुळे सापडेचना, शेवटी लॅपटॉपला हाताने त्याच रेंजमधला आयपी देऊन आत शिरलो, फर्मवेअर चढवलं, पासवर्ड नवीन टाकला, ऑनव्हिफ (कॅमेरा आणि एनव्हीआर एकमेकांशी बोलतात ती सामाईक भाषा) परत चालू केलं (रीसेटनंतर ते बंद असतं, एनव्हीआरला कॅमेरा दिसत नव्हता म्हणून अर्धा तास गेला). रात्री परत तेच. आणि आता विचार केला की अंगावर काटा येतो, हेच फर्मवेअर मी अंधारात चढवत बसलो असतो आणि मधेच रीस्टार्ट झाला असता तर कॅमेऱ्याची वीट झाली असती, म्हणजे कायमचा निकामी.

मंगळवार, रात्री

जुना लॅपटॉप काढून कालपासून तीन नंबरला सलग पिंग ("आहेस का?" असं नेटवर्कवरून सारखं विचारत राहणं) लावून ठेवला होता, प्रत्येक उत्तर वेळेसकट फाईलमध्ये. ती फाईल म्हणजे सोनं आहे. दिवसभरात एकही उत्तर चुकलेलं नाही, आणि संध्याकाळी अंधार पडला त्या मिनिटापासून ठराविक ताल: थोडा वेळ उत्तर, मग शांतता, परत उत्तर, परत शांतता, साधारण दर सव्वा मिनिटाला, पहाटे उजाडेपर्यंत. उन्हाने तापून बंद पडणारे कॅमेरे ऐकले होते, हा उलटा निघाला.

मग जेवण झाल्यावर खाली जाऊन कॅमेऱ्याखाली नुसता उभा राहिलो. आधी काहीच नाही. मग "टक्", म्हणजे आयआर-कट फिल्टर (दिवसा इन्फ्रारेड उजेड अडवणारी काच) बाजूला सरकला, मग रात्री बघण्यासाठीच्या इन्फ्रारेड एलईडींचा तो बारीक लालसर उजेड (८५० नॅनोमीटरच्या आहेत म्हणून दिसतो, ९४० वाल्या असत्या तर मोबाईलचा कॅमेरा धरून बघावं लागलं असतं), दोनेक सेकंद, आणि फट्कन सगळं अंधार. मिनिटभराने परत टक्, लाल, अंधार. कॅमेरा उठतोय, अंधार बघून नाइट मोडला जातोय, एलईडी लावतोय आणि तिथेच मरतोय.

खात्री करायला बहिणीला टॉर्च घेऊन लेन्सवर उजेड मारत उभं केलं. दहा मिनिटं एकदाही रीस्टार्ट नाही! टॉर्च बंद केला, टक्, लाल, मेला. ती म्हणाली "आता रोज रात्री मी इथे उभी राहू का", तर नको म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन डे मोड सक्तीने चालू केला. चित्र काळंकुट्ट पण कॅमेरा रात्रभर जिवंत. फुकटातली आणि बिनशिडीची टेस्ट आहे ही, कुणाचा कॅमेरा रात्रीच दगा देत असेल तर हीच पहिली करा.

बुधवार

आता तुम्हाला कळलं असेल रविवारचा १२.१ कुठे फसला. मी पिन काढून मोजलं होतं. लोडच (वीज ओढणारा कॅमेरा) नाही तर करंट नाही, करंट नाही तर वायरमध्ये ड्रॉपच (व्होल्टेजची गळती) नाही, मीटर इमानदारीत अडॅप्टरचा व्होल्टेज दाखवणार. वायर किती का सडकी असेना, रिकाम्यात १२ दिसतीलच.

या वेळी मधे स्क्रू टर्मिनलवाले डीसी कनेक्टर टाकले म्हणजे कॅमेरा चालू ठेवून प्रोब टेकवता येतात. अडॅप्टरच्या टोकाला लोडवर ११.९. कॅमेऱ्याच्या टोकाला भर दिवसा १०.७. संध्याकाळी नाइट मोड लागल्याबरोबर काटा कोसळला (डिजिटल आहे, पण कोसळतो काटाच), ८.९ दिसले आणि गेला. दिवसा करंट ०.३ अँपिअरच्या आसपास, एलईडी लागल्या की ०.७, म्हणजे ड्रॉप दुपटीहून जास्त, आणि वर कॅमेऱ्याच्या आतला कन्व्हर्टर व्होल्टेज कमी पडला की तेवढीच पॉवर ओढायला करंट अजून वाढवतो, त्याने ड्रॉप अजून वाढतो. एकदा घसरला की सावरत नाही.

हिशेब केला तर जाण्यायेण्याचा मिळून चार ओहमच्या वर रेझिस्टन्स निघतो. चांगल्या तांब्याच्या २४ गेज तारेचा १०० मीटरला साधारण ८.४ ओहम असतो, पॅसिव्ह पीओईत केबलच्या आठ तारांपैकी ४-५ दोन्ही मिळून प्लस आणि ७-८ मिळून मायनस, म्हणजे २५ मीटरला येऊन-जाऊन दोनच्या आसपास यायला हवा. उरलेला आला कुठून?

निम्मं उत्तर ब्लेडने मिळालं. केबलची एक तार खरवडली तर आत चांदीसारखी पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम! अॅल्युमिनियमची कंडक्टिव्हिटी तांब्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे दोनचे तीन ओहम इथेच झाले. खोक्यावर कॅट ५ई (लॅन केबलचा दर्जा) असं ठसठशीत छापलं होतं, आणि वजनाला हलकी लागली तेव्हा मीच "बरं झालं, ओढायला सोपी" म्हणालो होतो.

पण ही केबल दोन वर्षं चालली ना? मग राहिलेला एक ओहम आणि थोडं वर कॅमेऱ्यापाशी आरजे-४५ मध्ये (लॅन केबलच्या टोकाचा कनेक्टर) सापडला. पावसाचं पाणी केबलवरून ओघळून थेट कनेक्टरमध्ये, कारण मी खाली लोंबता झोल ठेवलाच नव्हता. ४ आणि ५ नंबरच्या पिना हिरव्या शेवाळासारख्या, ७-८ जरा मळलेल्या, आणि १, २, ३, ६ जवळपास चकचकीत. ओल आणि डीसी एकत्र आले की प्लसची बाजू आधी खाल्ली जाते. डेटा चालतो १, २, ३, ६ वर, म्हणूनच चित्र शेवटपर्यंत काचेसारखं होतं आणि मी फर्मवेअर चढवत बसलो.

गुरुवार

कनेक्टर कापून नवीन क्रिंप केला (दाबून बसवला). रात्री लोडवर ९.७, रीस्टार्ट नाही. पण हा काठावरचा पास आहे, ही केबल तशी ठेवून झोप लागणार नाही.

पुढचा रविवार

शुद्ध तांब्याची केबल ओढली, या वेळी आधी ब्लेड मग पैसे. आणि पॅसिव्ह शेपट्या काढून एएफ स्टँडर्डचा (८०२.३एएफ, ४८ व्होल्टच्या आसपास पॉवर देणारा) पीओई स्विच आणि कॅमेऱ्यापाशी ४८ चे १२ करणारा अॅक्टिव्ह स्प्लिटर लावला. व्होल्टेज चौपट म्हणजे करंट चौथाई, आणि वायरमधला लॉस सोळाव्या हिश्शावर. शिवाय असा स्विच आधी समोर २५ किलोओहमची खूण आहे का तपासतो आणि मगच पॉवर सोडतो, पॅसिव्ह इंजेक्टर समोर कोण आहे ते न बघता ओततो. त्यामुळे ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर साध्या १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला कुणी लावू नका, धूर निघतो.

नाइट मोडमध्ये कॅमेऱ्याच्या पिनवर १२.०, हलतही नाही. कनेक्टरखाली वीतभर झोल ठेवलाय आणि जोड डबीत गेलाय, डबीचं तोंड खाली.

आज

पिंगच्या फाईलमध्ये सलग नऊ रात्री एकही खंड नाही. कालपासून मात्र रात्रभर मोशन अलर्ट येतायत, कोळ्याने बरोबर लेन्ससमोर जाळं विणलंय आणि आयआरमध्ये ते ट्यूबलाइटसारखं चमकतं. उद्या झाडू घेऊन चढतो, आणि चढलोच आहे तर एक नंबरचा कनेक्टरही उघडून बघतो, तोही त्याच खोक्यातल्या केबलवर आहे.