नंबराशिवाय बिल निघत नाही

आज संध्याकाळी औषधांच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजोबांनी आपला मोबाइल नंबर दोन-दोन आकडे तोडून, मोठ्या आवाजात, दोनदा सांगितला. कारण काउंटरवरच्या मुलाला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला नव्हता. मागे रांगेत आम्ही पाच-सहा जण होतो, आणि समोर काचेवर त्यांच्या मधुमेहाच्या आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटे मांडलेली होती.

माझी पाळी आल्यावर मी नंबर देण्यास नकार दिला, तेव्हा तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "ताई, नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही."

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना मोबाइल नंबराची सक्ती करू नका, असे कळवले. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने व विनाअट दिलेली असावी आणि कामापुरतीच माहिती घेतली जावी. पण संगणकावरचा तो एक रकाना भरल्याखेरीज बिलच पुढे सरकणार नसेल, तर त्या संमतीला काय अर्थ उरतो?

त्या मुलावर माझा मुळीच राग नाही. त्याला शिकवले गेले तेच तो करत होता.

शेवटी मालकांनी येऊन त्या रकान्यात दहा शून्ये भरली आणि बिल लगेच निघाले. आजोबांना मात्र हे कुणीच सांगितले नव्हते.