ओल्या पार्कलँडवर रुतणारा वेज: मेख सापडली

गोल्फमध्ये ओल्या जमिनीवर वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) का रुततो, ही मागच्या नोंदीत अडकलेली गाठ सुटली. तो चिखलात रुततो तो केवळ बाऊन्स (क्लबला जमिनीत घुसू न देणारा तळाचा कोन) कमी म्हणून नाही. खरं कारण शाफ्टचा (क्लबच्या दांड्याचा) लक्ष्याच्या दिशेने पुढचा कल.

तयारी अर्थातच इंग्लंडमधल्या बेल्फ्रीच्या ब्रॅबझन कोर्ससाठी, ऑक्टोबरातल्या फेरीची. इंग्लिश पार्कलँडखाली (झाडांमधल्या हिरव्या कोर्सखाली) बहुधा चिकणमाती, वर झाडांची सावली. पानगळ लागली की जमीन नीट सुकतच नाही. आपल्याकडच्या हरळीवर चेंडू गवताच्या पात्यांवर तरंगतो आणि चुकलेला फटकाही खपून जातो. तिथल्या मऊ गवतात चेंडू खाली बसतो. क्लबची धार चेंडूच्या अर्धा इंच आधी टेकली की फटका तिथेच संपला.

हिशोब सोपा आहे. ५६ अंश लॉफ्टच्या (चेंडूला लागणारी बाजू म्हणजे फेस, तिचा तिरपेपणा) वेजचा बाऊन्स १० अंश आणि आघाताच्या क्षणी शाफ्ट ८ अंश पुढे कललेला, तर हातात उरतो फक्त २ अंश बाऊन्स. म्हणजे कुदळच. ‘हात पुढे ठेवा’ हा सल्ला कडक जमिनीवर चालतो, इथे तो घात करतो.

आता ठरलेली पद्धत (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी): आधी फेस किंचित उघडायचा, मगच पकड घ्यायची, उलट क्रमाने केलं तर फेस परत बंद होतो. चेंडू स्टान्सच्या (दोन पायांच्या) मध्यावर. पकडीचं टोक बेंबीकडे, डाव्या मांडीकडे नको. वजन डाव्या पायावर थोडं जास्त आणि छाती फिरत राहिली पाहिजे. ती थांबली की मनगटं पुढे झुकतात आणि कल परत येतो. तपासायला ओल्या गवतावर चुन्याची रेघ मारून चेंडूविना दहा स्विंग. खूण रेघेच्या पुढे, उथळ, पट्टीसारखी हवी. खोल खड्डा पडला तर हात पुढे गेलेच समजा. रेघेच्या पुढे सलग दहा खुणा पाहण्याचं समाधान औरच!

फेसच्या खोबणीत पाणी राहिलं की फिरकी घटते आणि चेंडू उंच उडून ग्रीनवर (खळीभोवतीच्या बारीक गवतावर) घसरतो. म्हणून दोन टॉवेल, आणि प्रत्येक फटक्याआधी फेस पुसणं. पावसाळी हातमोज्यांची जोडी घ्याच, चामडी हातमोजा भिजला की पकड गेली. वेज घेताना दुकानदार लॉफ्ट सांगतो, बाऊन्स मात्र आपणच विचारायचा. १४ अंश बाऊन्सच्या वेजची ऑर्डर तूर्त थांबवली आहे.

हे लिहितानाच ब्रॅबझनच्या दहाव्या होलचा बेतही बदलला. साधारण ३१० यार्डांचा पार ४ (चार फटक्यांत संपवायचा), ग्रीनपुढे पाणी. १९७८ मध्ये स्पॅनिश गोल्फपटू सेव्हे बायेस्तेरोसने टीवरून (पहिल्या फटक्याच्या जागेवरून) थेट ग्रीन गाठलं होतं ते हेच. आधी २४० यार्ड मारून ७० यार्डांचा, अर्ध्या स्विंगचा वेज खेळायचा विचार होता. पण ओल्या जमिनीत अर्ध्या स्विंगलाच वेग मंदावतो आणि वेज रुततो. त्यापेक्षा टीवरून हायब्रिडने (लांब पल्ल्याच्या क्लबने) २०० आणि मग ११० चा पूर्ण स्विंग. फेअरवे ओला असल्याने चेंडू धावणार नाही, तेव्हा २०० म्हणजे हवेतले २०० धरायचे.

नियमांचं एक: चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला तर गोल्फच्या नियम १६.३ प्रमाणे फुकट सवलत मिळते, त्यात चेंडू पुसताही येतो. नुसता चिखल लागलेला चेंडू मात्र, ग्रीनबाहेर असेल तर, प्रिफर्ड लाइजचा (चेंडू उचलून पुसू देणारा) स्थानिक नियम लागू असेल तरच उचलून पुसायचा. पहिल्या टीवर जाण्याआधी हे विचारून घ्या.

पुढची चाचणी उतारावरच्या ओल्या लायवरून (चेंडू पडलेल्या जागेवरून), त्याच रेघेने.