गोजिराला कुणाचा राग नसतो

शनिवार, रात्री उशिरा

आज पुन्हा १९५४ चा जपानी 'गोजिरा' पाहिला, म्हणजे मूळचा गॉडझिला, अणुचाचण्यांनी जागा झालेल्या समुद्री राक्षसाचा. झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

भयपटांचे प्रकार कितीही असोत, माझा जीव राक्षसपटातच अडकतो. भूतपटातलं भूत एखाद्या वाड्याला नाहीतर घराण्याला धरून असतं, त्याचा काहीतरी जुना हिशोब असतो. चाकूवाला खुनी सुट्टीवर आलेल्या पोरांच्या मागे लागतो. म्हणजे त्या घरात पाऊल ठेवलं नाही, त्या रानात गेलं नाही, की आपण सुटलो. जपानी कैजूपटात (कैजू म्हणजे असे महाकाय राक्षस) ही पळवाटच नाही. तिथे भीती अख्ख्या शहराच्या वाट्याला येते, आणि गोजिराला तर कुणाचा रागही नसतो. तो चालतो आणि टोकियो जळतं.

चित्रपटाची सुरुवातच अंगावर येते. मालवाहू बोटीवर खलाशी निवांत बसलेत, कुणी गिटार वाजवतंय. एकदम समुद्र पांढराफटक उजळतो आणि बोट पेटते. त्या काळच्या जपानी प्रेक्षकाला हे काय आहे ते सांगावं लागलं नसणार. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजाच्या अडीच पट मोठा निघाला, १५ मेगाटनांचा. धोक्याच्या जाहीर हद्दीबाहेर असलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली आणि २३ जण भाजले, आजारी पडले. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात गेले. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' लागला. घरात सुतक असावं तसं वाटतं मला तो चित्रपट बघताना.

दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमातून गेले होते. ते पडद्यावर कळतं. लोकलमध्ये एक बाई म्हणते, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. शहर जळत असताना एक आई मुलांना पोटाशी धरून सांगते, आता आपण बाबांकडे जाणार. मग इस्पितळ. जमिनीवर ओळीने माणसं झोपवलेली. एका लहान मुलीजवळ किरणोत्सार मोजायचं यंत्र धरलं जातं, ते कटकट वाजायला लागतं, आणि डॉक्टर नुसती मान हलवतात. इथे मी दर वेळी रडते. आजही रडले.

तंत्राचं कौतुकही करायलाच हवं. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या एइजी त्सुबुराया यांना राक्षसाची बाहुली एकेक चौकट हलवत चित्रित करायची होती, पण तेवढा वेळ नव्हता. म्हणून अभिनेते हारुओ नाकाजिमा शंभरेक किलोच्या पोशाखात शिरून खेळण्याएवढ्या इमारती तुडवत राहिले. आणि ती डरकाळी! संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून तो आवाज मिळवला. कुठल्याही जनावराचा नाही म्हणूनच तो इतका एकाकी वाटतो.

शेवटी चित्रपटातले शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा राक्षसाला मारायला स्वतःच शोधलेलं अस्त्र वापरतात, पण आधी सगळे कागद जाळून. समुद्रतळाशी गेल्यावर वर येण्याची दोरीही कापतात, कारण ते जिवंत राहिले तर कुणीतरी त्यांच्याकडून ते पुन्हा करवून घेईल. राक्षस मेल्यावर जल्लोष नाही. म्हातारे प्राध्यापक यामाने एवढंच म्हणतात, की चाचण्या चालू राहिल्या तर असा आणखी एक येईल.

१९५६ साली अमेरिकेत हा चित्रपट लागला तेव्हा एका अमेरिकन वार्ताहराचं पात्र नव्याने घुसडलं आणि नागासाकीची ती बाई कापली. मला याची आजही चीड येते. भाच्याला कैजूंची गोडी लागली आहे. त्याला दाखवेन तर मूळचाच, तो थोडा मोठा झाल्यावर, आणि इस्पितळाच्या प्रसंगात शेजारी बसून.